तक्रार नाही, काळजी नको

सकाळी फोन वाजला आणि त्यावर शैलाचं नाव दिसलं, तेव्हा मी पोळ्या लाटत होते. इतक्या सकाळी तिचा फोन म्हणजे एकच… तिला माझा तास हवा असणार. कोरसच्या तालमीसाठी गणिताचा तास मागायचा हा तिचा कित्येक वर्षांचा धंदा. मी पिठाच्या हातानेच फोन उचलला आणि नेहमीसारखी खेकसले, "नाही देणार. आज भूमितीची उजळणी आहे, उगाच डोकं खाऊ नकोस."  मग तिच्या नवऱ्याचा, भोईर भाऊजींचा आवाज आला. "रेखाताई, मी बोलतोय. शैला गेली. पहाटे, झोपेतच." मी काय बोलले आठवत नाही. तव्यावरची पोळी काळी ठिक्कर पडली आणि घरभर धूर झाला, एवढं आठवतं. पोळी उचलून टाकायचं भान यायलाही वेळ लागला.

त्याला आता काही आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी तिच्यावर दोन शब्द लिहा म्हणून निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. एक तर मी गणिताची बाई, लिहिणं माझं काम नाही. दुसरं म्हणजे दोन शब्दांत मावणारी ती बाई नव्हती. तिचा साधा शनिवारच्या तासाचा निरोप हातातला चहा गार होईपर्यंत चालायचा. आणि तिसरं, खरं कारण म्हणजे मी दमलेय. या वर्षाअखेर निवृत्त होणार, गुडघे आत्ताच निवृत्त झालेत. शाळेचे, वर्गाचे, शिक्षकांचे, पालकांचे असे फोनमध्ये इतके ग्रुप आहेत, की सकाळी उठल्यावर सुप्रभातची फुलं पुसण्यातच अर्धी शक्ती जाते. अशात कुणाच्या आठवणी काढत बसायचं म्हणजे… पण ते एक असो. शैलाबद्दल दुसरं कुणी लिहिलं असतं तर 'संगीताची निस्सीम उपासक' वगैरे लिहिलं असतं, आणि ते वाचून ती वरून हसली असती. म्हणून मीच लिहिते.

शैला भोईर आमच्या शाळेत गाणं शिकवायला आली तेव्हा मी तिथे चांगली मुरलेली होते. मी मूळची साताऱ्याकडची, लग्न होऊन बदलापूरला बेलवलीत आले. ती इथलीच, बदलापूर गावातली, आगरी घरातली. तिची आई धवलारीण. आगरी लग्नांत हळदीपासून सगळे विधी ज्या बायका गाण्यातून लावतात, त्यांतली एक. चार-चार दिवस आई लग्नघरी गात असायची आणि ही पोर तिच्या मांडीशी बसून खालचा सूर धरायची. पेटी ती पुढे उल्हासनगरला जाऊन शिकली, पण शिकवताना तिची आईच बाहेर यायची. शाळेने तिला जिन्याखालची खोली दिली. तिथे आधी खेळाच्या गाद्या आणि मोडके बाक ठेवलेले असायचे. गाद्या राहिल्याच, बाकांतला एक तिने ठोकून घेतला. पेटी जुनी. तिचा भाता फाटला की ती उल्हासनगरला चार नंबरच्या कॅम्पातल्या एका सिंधी चाचांकडे घेऊन जायची. एकदा मी बरोबर होते. चाचा वैतागून म्हणाले, "मॅडम, ये पेटी नहीं है, खटारा है. नई ले लो." शैला म्हणाली, "खटारा है चाचा, पर बच्चों को पहचानती है." चाचांनी माझ्याकडे बघून मान हलवली, आणि भाता शिवायला घेतला.

आमची मैत्री भांडणातून झाली. पहिल्याच वर्षी तिने गॅदरिंगच्या नावाखाली माझे तास पळवले आणि मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर तिला झाडलं. ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "रागावल्यावर तुमचा आवाज वरच्या पट्टीत छान लागतो हो बाई." सगळे हसले. मला इतका राग आला की दिवसभर मी तिच्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी डब्यात तिने तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी आणून माझ्यासमोर ठेवली. अशा माणसाशी भांडण चालवायचं तरी कसं? 'बाई' वरून 'अगं रेखा' वर ती केव्हा आली तेही कळलं नाही.

पण मला सांगायचंय ते जनीचं. कारण शैलाचं पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

जनी मेंगाळ सातवीत होती. बारवी धरणाच्या बाजूच्या एका ठाकूरवाडीतली. वर्गात तोंडातून शब्द निघायचा नाही, माझ्या तासाला तर खाली मान ती खालीच. शैलाने तिला ऐकलं ते नळावर, खिचडीची ताटं धुताना. आवाज जाड, खालचा, आणि तिथे अजिबात न डगमगणारा. कोरसला असा आवाज मिळाला की काय होतं हे मला शैलाने किती वेळा समजावलं, मला कधी कळलं नाही. तिचा आनंद मात्र दिसत होता. त्याच दुपारी तिने हौसेने जनीच्या घरी फोन केला. घरी म्हणजे बाप ज्या वीटभट्टीवर होता तिथल्या मुकादमाकडे. "जनीच्या वडिलांना सांगा, शाळेतल्या बाईंनी बोलावलंय, जनीबद्दल बोलायचंय." एवढाच निरोप. दुसऱ्या दिवसापासून जनी शाळेत यायची बंद झाली.

काही दिवस वाट पाहून शैला माझ्याकडे आली. "चल माझ्याबरोबर वाडीवर. माझं तो माणूस ऐकायचा नाही, तुझा चेहराच असा आहे की लोक खरं मानतात." रविवारी आम्ही टमटमने रस्ता संपेपर्यंत गेलो आणि पुढे चढ चढलो. जनीचा बाप, नवशा, आम्हाला बघून अंगणात हात जोडून उभाच राहिला. म्हणाला, "बाई, पोरीनी काय फोडला का? सांगा, मी भरून देतो. पन आता शालेत नाय धाडत." जनी दाराआड होती. तिच्या गालावर अजून वळ दिसत होते. शैला जमिनीवर बसलीच. मग हळू म्हणाली, "तिनं काही फोडलं नाही. ती चांगली गाते. ते सांगायला फोन केला होता मी." नवशाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "खरं आहे." त्याने जोडलेले हात खाली घेतले. "गाती म्हनून फोन?" "हो." "मंग त्यात मना काय करायचा?" शैला म्हणाली, "ऐकायला यायचं."

परत येताना ती रडली. सबंध उतार रडली. "माझ्या फोनने त्या पोरीला मार बसला गं. शाळेचा फोन म्हणजे तक्रारच, हे आपणच शिकवलंय त्यांना."  माझ्या तीस-एक वर्षांच्या नोकरीत मी घरोघर जे फोन केले ते सगळे तक्रारीचेच. गणितात पैकीच्या पैकी पडले म्हणून मी कुणाच्या आईला फोन केलेला नाही, आणि करणारही नाही, पोरं डोक्यावर बसतात. पण शैलाचं तसं नव्हतं. त्या दिवसापासून तिने कुणालाही फोन लावला की पहिलं वाक्य ठरलेलं. "तक्रार नाही, काळजी नको. मी गाण्याच्या बाई बोलतेय." त्यापुढे मग काय ते. तालमीची वेळ असो, पांढरा पोशाख असो, पोराला ताप आलाय म्हणून न्यायला या असं असो, आधी हे वाक्य यायचंच.

नवशा खरंच आला. पुढच्या शनिवारी धुतलेला सदरा घालून तो त्या ठोकून घेतलेल्या बाकाच्या अगदी टोकाला बसला, बाकाला आपला भार होईल की काय अशा बेताने. पोरांनी गाणं म्हटलं. संपल्यावर शैलाने त्याला विचारलं, "काय ऐकलंत?" तो ओशाळून म्हणाला, "माझी पोर कोनती गात व्हती ते कललाच नाय बाई. सगल्यांचा एकच आवाज झाला." शैलाने टाळीच वाजवली. "अहो, हेच! एवढंच तर करायचं असतं!" बिचाऱ्याला आपण काय बरोबर बोललो ते समजलं नाही, पण तो हसला. जनी सोमवारपासून शाळेत यायला लागली.

तेव्हापासून तो बाक पालकांचा झाला. दर शनिवारी एका घराची पाळी. आई, बाप, आजी, काका, कुणीही चालेल, पण एकाने यायचं, बसायचं आणि ऐकायचं. नियम कडक होते. बाकावर बोलायचं नाही, फोन काढायचा नाही, पोराला खुणा करायच्या नाहीत, आणि सोबत गायचं तर मुळीच नाही. शेवटी एकच प्रश्न, "काय ऐकलंत?" उत्तरं एकेक अशी यायची की विचारू नका. अंबरनाथच्या एमआयडीसीत वॉचमन असलेला एक बाप रात्रपाळी करून थेट गणवेशात आला आणि दुसऱ्या ओळीला झोपला. उठल्यावर म्हणाला, "बाई, खोटं कशाला बोलू, पण फार दिवसांनी अशी झोप लागली." शैलाने ते सगळ्या वर्गाला कौतुकाने सांगितलं. सोनिवलीच्या नव्या टॉवरमधली एक आई आली आणि म्हणाली, "मॅडम, सगळे एकत्र गातात तर माझ्या मुलाचा आवाज हायलाइट कसा होणार? त्याला सोलो द्या ना." शैला म्हणाली, "आधी त्याला बाजूच्याचा ऐकू येऊ दे. मग बघू." दुसऱ्या एका आईने मुलाला काढून टाका म्हणून हट्ट धरला, तो बेसूर आहे आणि तिला लाज वाटते. तिला शैलाने सांगितलं, "सुरात नसेल, पण वेळेवर येतो. मला वेळेवर येणारा लागतो. सूर काय, येईल मागून." त्याचा सूर शेवटपर्यंत आला नाही. तो दहावीपर्यंत कोरसमध्ये होता.

पुढे ग्रुपचे दिवस आले. कोरसच्या पालकांचा ग्रुप मीच तिला काढून दिला, तिला फोनमधलं फारसं कळायचं नाही. मी सांगितलं, दोन ओळी टाइप कर, संपलं. ती म्हणाली, "माझ्या निम्म्या आयांना वाचता येत नाही, आणि वाचता येतं त्या वाचत नाहीत." मग ती बोलून निरोप पाठवायला लागली. आधी पेटीची एक पट्टी दाबायची, सूर थोडा वेळ तसाच ठेवायचा, आणि मग, "तक्रार नाही, काळजी नको. मी गाण्याच्या बाई बोलतेय." पेटी कशाला गं मध्ये, असं मी विचारलं तर म्हणाली, "आयांच्या हातात पीठ असतं, कानावर मिक्सर. सूर वाजला की थांबतात तरी." त्या निरोपात तासाची वेळ एका वाक्यात आणि बाकी सगळं पोरांचं. आज अमुकला वरचा सूर सापडला, घरी आल्यावर त्याला गाऊन दाखव म्हणू नका, नुसतं जेवायला वाढा. तमुकचा आवाज फुटतोय, त्याला चिडवू नका, त्याचा नवा आवाज आमच्या कामाचा आहे. आई भांडी घासताना ऐकायची, बाप रिक्षा लावून ऐकायचा. पोरं म्हणे लपून लपून ऐकायची, आपलं नाव येतंय का म्हणून. मी नाही ऐकायचे. इतके लांब निरोप ऐकायला मला वेळ नव्हता आणि ती तर रोज समोरच बसलेली असायची.

गेल्या वर्षापासून ती दमली होती. जिना चढताना मध्येच थांबायची, विचारलं तर म्हणायची, "ताल मोजतेय." डॉक्टरकडे जा म्हणून मी कंठशोष केला, ती गॅदरिंग झाल्यावर जाते म्हणायची. त्यात शाळेत नवे मुख्याध्यापक आले. सर वाईट नाहीत, उगाच कशाला बोला. पण नव्या बिल्डिंगमधले पालक शनिवारी स्कॉलरशिपचा जादा वर्ग घ्या म्हणून त्यांच्या मागे लागले होते आणि खोल्या मुळात कमी. कोरस महिन्यातून एकदा ठेवला तर चालेल का, असं सरांनी तिला दोन-तीनदा विचारलं. ती दरवेळी एकच सांगायची, पालकांना विचारा. सर म्हणायचे, "बाई, पालकांना काय, एक मेसेज टाकला की झालं." हे तिच्या मनाला फार लागलं. त्या दिवशी डबा खाताना ती मला म्हणाली, "रेखा, गाण्याचा वर्ग बंद होताना आवाज होत नाही बघ. एका शनिवारी तास नसतो. मग महिनाभर नसतो. मग पोरं विचारायची थांबतात आणि घरी कुणाला कळतही नाही की काय गेलं. मला वर्ग बंद होण्याची नाही गं भीती वाटत, असा गुपचूप बंद होण्याची वाटते." मी म्हणाले, "तू आहेस तोवर कोण बंद करतंय?" हे आपण बोलून जातो. 

शेवटची भेट अशी खास काही झाली नाही. गुरुवार होता, आम्ही दोघी जिन्याखालच्या खोलीत होतो, कारण स्टाफरूममधला पंखा बिघडला होता. ती पुढच्या शनिवारांच्या पाळ्या सांगणारा निरोप बोलत होती. मी वह्या तपासत होते आणि पेटीच्या आवाजाने माझी बेरीज चुकली म्हणून तिच्यावर डाफरले. तिने बोट ओठांवर ठेवून मला गप्प केलं आणि पुढे बोलत राहिली. निरोप झाल्यावर पेटीवर कापड टाकलं. निघताना म्हणाली, "उद्या मी नाही येत, जरा पडते घरी. शनिवारचा तास घेईन." शुक्रवार गेला आणि शनिवारी पहाटे ती गेली.

बाराव्या-तेराव्यानंतर सरांनी मला बोलावलं. तिचा विषय काढताना त्यांचेही डोळे भरले होते, ते मी पाहिलं. म्हणाले, "बाई, दुसरे संगीत शिक्षक मिळेपर्यंत वर्ग बंद ठेवू. ग्रुपवर तुम्हीच आहात, तेवढं टाका." माझ्यात वाद घालायचं त्राण नव्हतं. स्टाफरूममध्ये बसून मी टाइप केलं, 'संगीत वर्ग पुढील सूचनेपर्यंत बंद राहील, पालकांनी नोंद घ्यावी.' खाली अंगठे आले, जोडलेले हात आले, एक-दोन रडणारे चेहरे आले. तिला भीती होती तसं गुपचूप नाही झालं, आपण कळवलं, असं मी स्वतःला सांगितलं आणि सातवीच्या वर्गावर गेले.

त्या शनिवारी मी शाळेत होते, जादा वर्गासाठी. व्हरांड्यातून जाताना पाहिलं तर जिन्याखालच्या खोलीसमोर कोरसची पोरं ओळीने उभी. सगळी नव्हती, पण बरीच होती. आणि त्यांच्यामागे भिंतीला टेकून, हातात पिशवी घेऊन, जनी. हो, तीच जनी. आता तिशीची झालीय, सोनिवलीला राहते, तिथल्या टॉवरमध्ये चार घरी स्वयंपाक करते. तिची मुलगी श्रावणी आमच्याकडे सहावीत आहे, कोरसमध्ये. जनी शैलाच्या अंत्ययात्रेलाही आली होती. मी जवळजवळ ओरडलेच, "अगं जने, वर्ग बंद आहे! मेसेज टाकलाय मी, बघितला नाहीस?"

"बघितला ना बाई. लिहिलेलं काहीतरी आलं होतं," ती शांतपणे म्हणाली. "पण या शनिवारी बाकावर माझी पाळी आहे. बाईंनी सांगितलंय."

"जनी, बाई नाहीयेत आता."

"मला माहीत आहे. मी आले होते की तिकडे. पण पाळ्या तर त्यांनी आधीच सांगून ठेवल्यात. येऊ नका असं त्या कुठं बोलल्या?" आणि तिने पिशवीतून फोन काढून तो निरोप लावला. मी समोर बसून वह्या तपासत होते तेव्हाचा. आधी पेटीचा सूर. मग तो आवाज… तक्रार नाही, काळजी नको. शाळेच्या व्हरांड्यात, पोरांच्या घोळक्यात, भर दिवसा. मध्येच माझं डाफरणंही ऐकू आलं आणि पोरं हसली. तिच्या निरोपांतला मी पुरता ऐकलेला हा पहिलाच. पाळ्यांची नावं ती वाचत होती. पुढचे कित्येक शनिवार तिने लावून ठेवले होते. माझ्या दोन ओळी या पोरांच्या घरी पोचल्याच नव्हत्या. इतकी वर्षं गाण्याच्या तासाचा निरोप ऐकायचाच असतो, वाचायचा नसतो, असंच त्या घरांना ठाऊक होतं.

खोलीची किल्ली शैला गेल्यापासून माझ्याकडे होती. मी खोली उघडली. जनी बाकाच्या टोकाला बसली, अगदी बापासारखी. मला पेटीतलं काही येत नाही, पण कुठली पट्टी दाबून शैला निरोप बोलायची ते शेजारी बसून बसून पाठ झालं होतं. मी कापड काढलं, भाता ओढला आणि तेवढीच एक पट्टी दाबून धरली. पोरांनी तिच्याच आईकडून आलेलं हळदीचं गाणं सुरू केलं, गॅदरिंगसाठी बसवलेलं. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्या कडव्यात एक जागा आहे, तिथे वरचे आवाज सुटे होतात आणि खालचा सूर शैला स्वतः धरायची. त्या जागी पोरं आली आणि सगळी एकदम डगमगली. एक मुलगी रडायला लागली, दुसरी थांबली. मी पट्टी दाबून बसले होते, दुसरं मला काय येणार होतं? आणि मागून, बाकावरून, तो सूर आला. जाड, खालचा, जरासुद्धा न हलणारा. जनी समोर बघत गात होती. बाकावर बसून गायचं नाही हा नियम सगळ्यांना माहीत होता. मी काही बोलले नाही. पोरांनी त्या सुरावर पाय ठेवला आणि गाणं शेवटाला नेलं.

दारात सर उभे होते, कधीचे कोण जाणे. त्यांनी विचारलं, "यांना कुणी बोलावलं?" मी तोंड उघडायच्या आत जनी उभी राहून म्हणाली, "गाण्याच्या बाईंनी, सर." सर काही वेळ त्या बाकाकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "दुसरी सोय होईपर्यंत तुम्ही बसाल का शनिवारी?" मी म्हणाले, माझे गुडघे दुखतात. ते म्हणाले, "बसूनच तर वाजवायचंय." मी हो म्हणाले की नाही ते मला नीट आठवत नाही, पण किल्ली मी परत दिली नाही.

पोरं गेल्यावर खोलीत एकटीच बसले. दमायला झालं होतं, इतकं की उठवेना. ग्रुप उघडला आणि माझा तो आधीचा मेसेज पुसून टाकला. मग पट्टी दाबली आणि फोन तोंडाशी धरला. पहिल्यांदा बोलता आलं नाही, पुसलं. दुसऱ्यांदा आवाज फाटला, पुसलं. शेवटी बोलले. "तक्रार नाही, काळजी नको. मी गणिताच्या बाई बोलतेय. शनिवारचा तास आहे. पाळ्या बाईंनी सांगितल्यात त्याच राहतील. आज पोरं दुसऱ्या कडव्यात अडखळली, पण थांबली नाहीत. घरी आल्यावर त्यांना काही विचारू नका, जेवायला वाढा." इतकं लांब मी आयुष्यात कुणाला काही कळवलं नव्हतं.

पेटीवर कापड टाकत होते तोच फोन वाजला. पुन्हा तेच नाव, शैला.  तिचा नंबर अजून त्या ग्रुपवर आहे, काढायचं कुणाच्या मनातच आलं नाही, आणि फोन भाऊजींच्या खिशात असतो. हातात पीठ नव्हतं, तरी फोन उचलायला मला वेळ लागला. "रेखाताई," ते म्हणाले, "तिच्या फोनवर पेटी वाजली, म्हणून मी ऐकला."  मग पुढे म्हणाले, "इतकी वर्षं ती जगाला बोलवायची त्या बाकावर. आपल्याला पोर नव्हता, म्हणून माझी पाळी कधी आलीच नाय. मला गानं काय कलत नाय ताई. पन पोर असलेलाच मानूस पायजे का तिथं?"

मी म्हणाले, "नाही भाऊजी. ऐकणारं माणूस पाहिजे. पुढच्या शनिवारी या."

"कुनाची पाळी असेल ना?"

"असेल. बाक दोघांचा आहे," मी म्हणाले, आणि खोलीचं दार लावून किल्ली पदराच्या टोकाला बांधली.